विधवा सोपरचं मत

बर्लिंग्टन, २० सप्टेंबर १८००

प्रिय हेटीताई,

ज्या बाईचा नवरा तीन वर्षांपूर्वी समुद्रावर गेला आणि परतला नाही, ज्याचं प्रेत कुणी पाहिलं नाही आणि ज्याचं पत्रही कुणाला आलं नाही, ती बाई नवऱ्याची की विधवा? खरं सांगते, मला याचं उत्तर देता येत नाही. आपल्या घरात विद्यालयाचं प्रशस्तिपत्र मिळवलेली पहिली मी. ते भिंतीवर टांगून रोज मुलींना तर्कशास्त्र शिकवते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं काय ते मला ठरवता येत नाही.

पण ठरवायची वेळ आली आहे. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. साऱ्या देशात न्यू जर्सी हे एकच राज्य असं, की इथल्या कायद्यात मतदार म्हणून ‘तो किंवा ती’ असं छापलेलं आहे. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की कुमारिकेला मत आहे, विधवेला आहे. नवरा असलेल्या बाईला नाही, कारण तिचं जे काही ते नवऱ्याचं. बाबांनी खाडीकाठची कुरणं आपल्या दोघींना वाटून दिली. माझ्या वाट्यावर मी मत देणार. तुझ्याही वाट्यावर मत आहे, पण तू विधवा असलीस तरच.

ताई, अध्यक्ष ॲडम्सच्या राज्यात सरकारविरुद्ध छापलं म्हणून माणसं तुरुंगात जात आहेत. जेफरसनला आणायचं तर आत्ताच. एकेका मतावर गाडं अडलंय. मला विद्यालयात घालण्यासाठी अझरभावोजी बाबांशी भांडले होते. ते असते तर त्यांनीच तुला हाताला धरून नेलं असतं.

मी मतदानाच्या आदल्या सोमवारी येते आहे. नीट विचार कर.

तुझी,
केझाया ट्रुअक्स


टॅनर्स नेक, २ ऑक्टोबर

केझी,

तुझं पत्र पोचलं. टपालाचे पैसेही मीच भरायचे आणि वर प्रवचनही मीच ऐकायचं!

गवत कापणीचे दिवस आहेत. खाऱ्या कुरणात गुडघाभर चिखलात उभी असते दिवसभर. संध्याकाळी तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू म्हणतेस जेफरसनला निवडायचं. म्हणजे आपण इथला विधिमंडळाचा सभासद निवडायचा, त्यानं ट्रेंटनला जाऊन सात जण निवडायचे, आणि त्या सातांनी अध्यक्ष निवडायचा. खाडीपलीकडच्या माणसाकडे मीठ मागायचं आणि निरोप तीन होड्यांतून पाठवायचा, त्यातली गत. शेवटी मिठाऐवजी साबण यायचा, बघ.

चेष्टा पुरे. अझरचा कोट अजून खुंटीवर आहे. मी काळे कपडे घातले नाहीत, घालणारही नाही. ‘तो मेला’ हे शब्द आजवर माझ्या तोंडून निघालेले नाहीत. मला वाटतं, मी म्हटलं की तो खरंच मरेल. हस तू. शिकलेली आहेस.

पण ये. कालवांचं कालवण करून ठेवते. आई गेल्यापासून तू जे मागितलंस त्याला मला कधी नाही म्हणता आलंय?

हेटी


बर्लिंग्टन, ५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हरलो. आपल्या गावात जिंकलो आणि राज्यात हरलो. ट्रेंटनच्या विधिमंडळानं न्यू जर्सीची सातच्या सात मतं ॲडम्सना दिली. जेफरसनला एकही नाही. बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलींना दिसू नये म्हणून.

पण आपण आपलं काम केलं. मी मंगळवारी मत दिलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. तुझा मात्र पाय घरातून निघेना. बुधवारी मतदान संपता संपता, धो धो पावसात, डोक्यावरून झगा ओढून तू एकटी मतपेटी होती त्या खानावळीत शिरलीस. मी मागच्या बाजूला घोडा धरून उभी होते. खिडकीतून सगळं ऐकलं. दंडाधिकारी प्रुडनसाहेबांनी, पक्के ॲडम्सवाले ते, बरोबर तिथेच अडवलं.

“थांबा. सोपरबाई ना? तुमचा नवरा कुठे असतो?”

मागून कुणीतरी ओरडलं, “माशांच्या पोटात!” सगळे हसले.

“मग तसं शपथेवर सांगा. नवऱ्याच्या बाईला इथे मत नाही.”

आणि तू बायबलच्या पुस्तकावर हात ठेवून म्हणालीस, “मी विधवा आहे.”

ताई, मला तुझा केवढा अभिमान वाटला! गाडीत तू घरापर्यंत रडत होतीस. तीन वर्षांचं ओझं उतरलं म्हणून रडतेस, असं मला वाटलं. बरोबर ना?

केझी


टॅनर्स नेक, ३ डिसेंबर

केझी,

थंडी फार पडली आहे. खाडीच्या कडेला बर्फ धरू लागलाय. मी बरी आहे. गाव मला आता ‘विधवा सोपर’ म्हणतं. मी ओ देत नाही, पण नाही असंही म्हणत नाही. पिठाच्या गिरणीवाला रविवारी चर्चनंतर माझ्याबरोबर चालत आला आणि स्वतःच्या डुकरांचं कौतुक करत राहिला. तेवढ्यावरून समज काय ते.

एक विचारायचं होतं. शेजारची एक बाई विचारत होती. चांगल्या मनानं, तसंच असेल असं समजून, पुस्तकावर हात ठेवून एखादी गोष्ट सांगितली, आणि मागाहून ती तशी नाही असं कळलं, तर शपथ परत घेता येते का? तुमच्याकडे वकील पुष्कळ. नाव मात्र कुणाचं घेऊ नकोस.

तुमच्या मोठ्या बाई अजून सगळ्या शिक्षिकांची पत्रं आधी वाचतात का?

हेटी


बर्लिंग्टन, १२ डिसेंबर

प्रिय ताई,

ती शेजारची बाई कोण हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. राज्य हरलं म्हणून तुझं मन खातंय. वाटतंय, शपथही वाया गेली आणि अझरभावोजींचं नावही. पण ताई, असं मागे फिरू नकोस.

शपथ परत घेता येत नाही. जी बाई आज एक आणि उद्या दुसरं सांगते, तिच्या तिसऱ्या शब्दावर कुठलंच न्यायालय विश्वास ठेवत नाही. ठेवूही नये. बायकांच्या बोलण्याला बूड नसतं म्हणणारे आधीच टपून बसले आहेत. आपल्या हातून त्यांना कोलीत मिळता कामा नये. तू बोललीस ते बोललीस. त्यावर ठाम राहा आणि कुणापाशी चकार शब्द काढू नकोस. मनाला बोचतंय ते हळूहळू कमी होईल.

होय, मोठ्या बाई पत्रं वाचतात. वाचोत बापड्या. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?

तुझी,
केझी


टॅनर्स नेक, ९ जानेवारी १८०१

केझी,

हे पत्र टपालानं नाही, ॲम्बॉयच्या गाडीचा गाडीवान लिपेट तुझ्या हातात देईल. एकटी असशील तिथेच वाच.

अझर जिवंत आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी एक खलाशी आला. दारात उभा राहून म्हणाला, “तुम्ही अझरायाह सोपरची बायको का?” मी म्हटलं, “हो.” पुस्तक नव्हतं, शपथ नव्हती, तोंडातून ‘हो’ निघून गेलं. त्यानं बुटातून एक कागद काढला. अक्षर दुसऱ्याचं, पण बोलणं अझरचंच. त्यांचं गलबत बुडालं नव्हतं. इंग्रजांच्या लढाऊ जहाजानं अडवलं आणि माणसं ओढून नेली. त्याला म्हणाले, तू जर्सीचा नाहीस, आयर्लंडचा पळालेला खलाशी आहेस, आणि टॉमस गिल म्हणून नोंद केली. ‘मी तो नव्हे’ म्हटलं की चाबूक. तीन वर्षं केझी, तीन वर्षं तो टॉमस गिल आहे.

जहाज आता जमैकाला आहे. कप्तान म्हणाला, गावच्या न्यायाधीशापुढे बायकोनं शपथेवर लिहून दिलेला कागद आण. हा माझा नवरा, इथला जन्म, कालवं काढताना डाव्या हाताची करंगळी तुटली, अशा खुणांसकट. मग बघू. वसंतात जहाज इंग्लंडला जाईल आणि तिथून पूर्वेकडे. मग संपलं. तिकडून कोण येतं?

तेव्हा मी तुला ते विचारलं. उघड लिहायला तुमच्या बाईंची भीती. तुझं उत्तर आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. ठाम राहा. चकार शब्द काढू नकोस. म्हणून तीन आठवडे मी गप्प बसले. दळण आणलं, गिरणीवाल्याची डुकरं ऐकली, आणि गप्प बसले.

मग राहवेना. सोमवारी प्रुडनसाहेबांकडे गेले. ते शेकोटीपाशी पाय पसरून बसले होते. ऐकून घेतलं सगळं, आणि हसले.

“सोपरबाई, ऑक्टोबरात तुम्ही माझ्यासमोर शपथेवर नवरा मारलात. आता शपथेवर जिवंत करता. जेफरसनवाल्यांचा धर्म मोठा सोयीचा दिसतो!”

मी म्हटलं, “तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“तेव्हा तुम्ही ‘माहीत नाही’ असं म्हणालाच नव्हतात. ‘मी विधवा आहे’ म्हणालात. पन्नास जणांनी ऐकलंय. आता सांगा, मी कुठल्या शपथेवर सही करू? आणि इंग्रज कप्तानाला हे कळलं तर तो काय म्हणेल? बायकोच सांगते सोपर मेला, म्हणजे हा गिलच!”

मी पाया पडायची बाकी राहिले. ते म्हणाले, “दार लावून घ्या जाताना, वारा येतो.”

तुला दोष देत नाही. पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

हेटी


बर्लिंग्टन, १७ जानेवारी

ताई,

लिपेटच्या गाडीपाशीच वाचलं. तो म्हणाला, “बाई, खाली बसा,” तेव्हा कळलं की मी अजून उभी आहे.

जिवंत आहेत! आणि मी तुला गप्प बसायला सांगितलं. तुला काय झालंय हे न विचारता निबंध लिहून पाठवला. त्यावर आत्ता रडायला वेळ नाही.

इथल्या दोन वकिलांना भेटले. नावं न घेता विचारलं. पहिल्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी असल्या भानगडीत पडू नये म्हणाला. दुसरा म्हातारा भला आहे. तो म्हणाला, “पोरी, त्या बाईनं कबूल केलं की आधीची शपथ खोटी होती, तर ती खोटी साक्षीदार ठरली. खोट्या साक्षीदाराची साक्ष पुन्हा कुठेच चालत नाही. नवऱ्यासाठीसुद्धा नाही.” मी विचारलं, “आणि कबूल नाही केलं तर?” “तर नवरा मेलेला आहे.” “तिसरी वाट?” त्यानं हात पसरले. “तिसरी एकच. ती शपथ तिनं घेतलेलीच नसती तर!”

म्हणून ताई, चर्चमध्ये, गिरणीवर, कुठेच काही कबूल करू नकोस. ॲम्बॉयच्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन बघ. भावोजींचं कुणी रक्ताचं उरलंय का? जन्माची साक्ष देणारं?

मी इथल्या आपल्या पक्षाच्या मंडळींना भेटते. ऑक्टोबरात ‘भगिनींनो, या’ म्हणून हेच गाड्या पाठवत होते.

केझी


टॅनर्स नेक, २७ जानेवारी

केझी,

त्याचं रक्ताचं कुणी उरलेलं नाही. एक मावशी होती, ती पिवळ्या तापात गेली.

ॲम्बॉयला गेले. बर्फातून पायीच, कारण लिपेटची गाडी अडकली होती. तिथल्या अधिकाऱ्यानं नाव ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली. म्हणाला, “टॅनर्स नेकच्या विधवा सोपर ना तुम्ही? प्रुडनसाहेबांचा निरोप आलाय.” तो भला माणूस असावा, त्यानं मला सफरचंदाचं गरम सायडर दिलं. सही नाही दिली.

परत येताना खानावळीपाशी प्रुडनसाहेब भेटले. चार माणसं गोळा झाली होती. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “या जेफरसनवाल्या बायकांचं मी सांगत होतोच! एक झगा घालून आत येतात, दुसरा घालून पुन्हा येतात. आज कुमारिका, उद्या विधवा, परवा नवरा जमैकात! ही असली मतं मोजायची, आणि मग राज्य चालवायचं!” सगळे खो खो हसले. गिरणीवालाही.

केझी, तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. परतीच्या वाटेवर मनात आलं, तो खरंच बुडाला असता तर बरं झालं असतं. तो त्या जहाजावर दुसऱ्याच्या नावानं ओ देतोय, आणि त्याची बायको हे म्हणते! मग मी खाडीकडे वळले. बर्फ पातळ होता. मी उभी राहिले आणि पाहत राहिले. मग म्हटलं, तो कागदाची वाट बघतोय. मी गेले तर वाट बघायलाही कुणाची उरणार नाही.

आता मला एकच सुचतं. रविवारी चर्चमध्ये उभी राहून सगळं सांगते. खोटी ठरले तर ठरले. कुणाला तरी दया येईल.

येईल ना?

हेटी


न्यू ब्रन्सविक, ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

लिपेट दाराशी थांबला आहे. आधी हे वाच आणि मग चुलीत घाल. तू रविवारी बोलली नाहीस हे त्याच्याकडून कळलं. प्रवचनाच्या आधीच चक्कर येऊन पडलीस म्हणे. देवानं तुला पाडलं असं मी समजते.

दया कुणालाही येणार नव्हती. मी सगळीकडे विचारलं. पक्षाच्या मंडळींनी चहा दिला आणि सांगितलं की बाकी राज्यांच्या मतांत बरोबरी होऊन वॉशिंग्टनला जेफरसनचा निकाल अजून लटकलाय, अशा वेळी असलं प्रकरण नको. मग मी त्या म्हाताऱ्या वकिलाचं वाक्य घेऊन रात्रंदिवस बसले. ती शपथ तिनं घेतलेलीच नसती तर.

तू बुधवारी आत गेलीस ती पावसात, डोक्यावरून झगा ओढून. तू आणि मी एकत्र कुणालाच दिसलो नव्हतो. उंची आपली सारखी, तोंडावळा आईचा. आणि प्रुडनसाहेबांनी तर साऱ्या गावाला आधीच सांगून ठेवलंय की जेफरसनवाल्या बायका झगे बदलून दोनदा मत देतात.

म्हणून मी इथे जिल्हा न्यायाधीशांकडे आले. प्रुडनसाहेबांनाही बोलावणं गेलं. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, “त्या संध्याकाळी तुम्ही बाईचा चेहरा नीट पाहिला होता का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांना वाढदिवसाची भेट आणली होती! म्हणाले, “मला तेव्हाच संशय आला होता, साहेब. आवाज तरुण वाटला होता.” शपथेवर म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यांना हवं होतं तेच त्यांना आठवलं.

पक्षाचे एक गृहस्थ मला बाहेर भेटले होते. हात जोडून म्हणाले, “मिस ट्रुअक्स, हा कागद वर्तमानपत्रांत जाईल. या राज्यातल्या प्रत्येक बाईचं मत काढून घ्यायला त्यांना एवढाच पुरावा हवाय. तुमच्यासारख्या मुलीनं तो द्यावा?” ताई, ते खरं बोलत होते. ज्या गोष्टीसाठी मी तुला त्या पावसात पाठवलं, तीच आता माझ्या सहीनं बुडेल कदाचित. हे मी रोज आठवेन. पण तिकडे एक माणूस रोज दुसऱ्याच्या नावानं ओ देतो आहे, आणि त्याला तिथे ठेवणारा शब्द मी तुझ्या तोंडी घातला.

एप्रिलच्या सत्रात खटला उभा राहील. तोवर मी इथेच, तुरुंगात. खोली कोरडी आहे, आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या बायकोनं शाई दिली. शाळेतून पत्र येईलच, माझी पेटी त्यांनी बांधून ठेवली असेल.

आता तुझं काम. सोमवारी न्यायाधीश तुझी साक्ष घेतील. गाडी लिपेटची. ते मतदानाचं काही विचारणार नाहीत, तो विषय त्यांच्या लेखी मिटला आहे. तू फक्त खरं तेवढं सांग: अझरायाह सोपर माझा नवरा, टॅनर्स नेकचा जन्म, डाव्या हाताला करंगळी नाही, आणि तो जिवंत आहे. सही झाली की कागद त्याच दिवशी न्यू यॉर्कला जाईल. जमैकाचं जहाज या महिन्याअखेर सुटतं.

मला वाचवायला काही बोलू नकोस. तू ‘ती मीच होते’ म्हणालीस तर दोघीही खोट्या ठरू आणि भावोजी टॉमस गिल म्हणूनच मरतील.

आधी विचारलं असतं तर तू मला हे करू दिलं नसतंस. म्हणून विचारलं नाही. काल दुपारी मी पुस्तकावर हात ठेवला आणि कारकुनाला लिहून घेता येईल इतक्या सावकाश सांगितलं, की त्या बुधवारी विधवा सोपर म्हणून मत देणारी बाई मी होते.

तुझी,
केझाया